थांबणं आणि टाळणं

ओझरच्या कारखान्यात बनलेल्या मिग-२१चं १:७२ मापाचं मॉडेल दोन महिने माझ्या टेबलावर आहे. परवा त्यावर वायुसेनेचं चक्र चिकटवायला घेतलं. बाहेर केशरी, मग पांढरं, मधे हिरवं. खऱ्या विमानावर ते रंगवलेलं असतं, त्यामुळे पत्र्याच्या प्रत्येक खाचेतून आणि उंचवट्यावरून जातं. माझ्याकडे होतं ते सपाट, पातळ डेकल. दोन्ही दिशांनी वळणाऱ्या पृष्ठभागावर सपाट गोष्ट ताणल्या-चुरगळल्याशिवाय बसत नाही, हे गाउसच्या १८२७च्या प्रमेयातूनच निघतं.

यावर उपाय म्हणजे डेकल मऊ करणारं द्रावण. ते लावलं की थोड्याच वेळात डेकल भयंकर सुरकुततं. पहिल्यांदा मी घाबरून ते बोटाने सारखं करायला गेलो आणि हिरवा गोल फाटून बोटालाच चिकटला. त्या वेळी काहीही करायचं नसतं. वाळता वाळता सुरकुत्या बसतात आणि खालच्या खाचा वर उमटतात.

यातून ‘माणसांनाही वेळ द्यावा’ असं तात्पर्य काढणं सोपं आहे. मी काढलंही होतं. जवळच्या मित्राची नोकरी गेली तेव्हा चार महिने मी त्याला फोन केला नाही. ‘त्याला जरा एकटं राहायचं असेल,’ असं स्वतःला सांगत राहिलो. खरं तर माझी नोकरी टिकली होती, आणि त्याच्याशी काय बोलावं ते मला कळत नव्हतं.

थांबणं आणि टाळणं बाहेरून सारखंच दिसतं. दोन्हींत हाताची घडी. फरक असतो तो आधी आणि नंतर. डेकल लावून मी थांबू शकतो, कारण त्याआधी रंगावर चकचकीत वार्निशचा थर दिलेला असतो, खालचं पाणी आणि हवा इअरबडने दाबून काढलेली असते. नंतरही लक्ष तिथेच असतं. वाळल्यावर बुडबुडा राहिलाच, तर सुईने टोचून पुन्हा द्रावण लावतो. मित्राच्या बाबतीत मी आधी काही केलं नव्हतं आणि नंतर वळून पाहिलंही नव्हतं.

काल फोन केला. “आत्ता आठवण झाली का रे?” तो म्हणाला. त्याला नवीन नोकरी लागून महिना झाला होता. सगळं नीट बसलं होतं. माझ्या थांबण्याचा त्यात काही वाटा नव्हता.