खंडित मूर्ती आणि अण्णांचा आवाज

जबलपूरच्या ग्वारीघाटावर पिंपळाखाली काच फुटलेल्या तसबिरी, हात तुटलेले गणपती, रंग उडालेले बाळकृष्ण ठेवलेले दिसतात. खंडित मूर्ती घरात ठेवू नये, वाहत्या पाण्यात सोडावी, हे ऐकतच आपण मोठे झालो. आईने तर नाकाचा टवका उडालेली लक्ष्मीसुद्धा नर्मदेच्या स्वाधीन केली होती. मला त्यात कधी प्रश्न दिसला नाही. तो पडला 2025 च्या श्रावणात, आमच्या 11 वर्षं जुन्या लॅपटॉपमुळे.

त्या लॅपटॉपमध्ये अण्णांचा, माझ्या वडिलांचा, आवाज होता. शेवटची काही वर्षं ते गुरुवारी संध्याकाळी देवघरासमोर बसून ज्ञानेश्वरी वाचायचे आणि अर्थ सांगायचे. जबलपुरात आमच्या घराची ही चौथी पिढी. मुलं मराठी बोलतात, पण ओवी वाचताना अडखळतात. त्यांच्यासाठी मी रेकॉर्डिंग करू लागलो. 61 गुरुवार जमले. सगळे एकाच डिस्कवर, दुसरी प्रत नाही. गन कॅरेज फॅक्टरीच्या टूल रूममध्ये 34 वर्षं काढलेला मी, मास्टर गेज रोजच्या कामाला वापरायचा नाही हे नव्या पोरांना शिकवणारा, आणि घरात मूळ जपायला एक नक्कलही केली नाही. याचं मला आजही वाईट वाटतं.

विंडोज 10 चा नेहमीचा आधार त्या वर्षी 14 ऑक्टोबरला संपणार होता, म्हणून राहिलेले अपडेट उरकून घ्यायला बसलो. अपडेट 30 टक्क्यांपर्यंत जायचं, तासभर तिथेच अडायचं, मग मशीन आपोआप बंद होऊन चालू व्हायचं आणि केलेले बदल मागे घेतोय असा मजकूर यायचा. तीनदा झालं. मला वाटलं, जागा कमी पडते आहे. फोटो काढून टाकले, तात्पुरत्या फाइली पुसल्या. तरी तेच. शेवटी डिस्कची तब्येत दाखवणारा एक छोटा प्रोग्रॅम चालवला, तर पिवळी खूण आली. पेंडिंग सेक्टर 168.

हे पेंडिंग प्रकरण समजून घेण्यासारखं आहे. डिस्कवरचा एखादा तुकडा वाचता आला नाही, तर डिस्क त्याला लगेच मेलेला ठरवत नाही. नोंद करून ठेवते आणि वाट बघते. पुढे तिथे नवं काही लिहायची वेळ आली आणि लिहिणं जमलं नाही, तरच राखीव जागेतला तुकडा त्याच्या बदली लावते. जुनं तिथे आहे की गेलं, हे तोवर अधांतरी असतं.

मी घाई केली. दुरुस्तीची आज्ञा दिली आणि रात्रभर मशीन चालू ठेवलं. सकाळी आतून टक् टक् आवाज येत होता आणि आकडा 400 च्या वर गेला होता. पुण्याहून भाच्याचा फोन आला. म्हणाला, "मामा, आधी बंद करा ते. मरणाऱ्या डिस्कची दुरुस्ती करत नाहीत. आधी तिची नक्कल काढून घ्यायची."

रविवारी तो स्वतः आला. पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालू केलं, बाहेरची 1 टीबीची डिस्क जोडली आणि डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्रॅम लावला. त्याची रीत मला फार आवडली. जे सहज वाचता येतं ते तो आधी उचलतो. जिथे अडतं तिथे डोकं आपटत बसत नाही, खूण करून पुढे जातो. सगळं सोपं हाती आल्यावर मग हळूहळू अवघडाकडे परततो. दोन दिवस टेबल फॅन लावून आम्ही पाळीपाळीने बसलो. 500 जीबीपैकी 47 एमबी शेवटपर्यंत वाचता आले नाहीत. नकलेत तिथे नुसती शून्यं राहिली. नवी एसएसडी बसवल्यावर अपडेट मुकाट्याने झालं, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

ती शून्यं मात्र नेमकी कुठे पडावीत? तेराव्या अध्यायाच्या एका गुरुवारी. शरीर म्हणजे क्षेत्र आणि त्याला जाणणारा वेगळा, हे अण्णा समजावत असताना आवाज थांबतो, चार मिनिटं निःशब्द जातात आणि एका वाक्याच्या मध्यात ते पुन्हा बोलू लागतात.

भाचा मायेने म्हणाला, "मामा, बाकीचे इतके तास आजोबांचा आवाज आहे. त्यावरून कॉम्प्युटर ही चार मिनिटं तयार करून देईल. कळणारसुद्धा नाही."

मोह झाला. आणि तेव्हाच एकनाथ महाराज आठवले. ज्ञानेश्वरी शके 1212 ची. पावणेतीनशे-तीनशे वर्षांत नकला करणाऱ्यांच्या हातून तिच्यात चुका शिरल्या होत्या, पाठ बिघडले होते. नाथांनी प्रती ताडून शके 1506 मध्ये शुद्ध पाठ सिद्ध केला आणि यापुढे कोणी पदरची ओवी यात घालू नये असं बजावून ठेवलं. त्यांची स्वतःची वाणी काय थोर होती! तरी त्यांनी आपली ओवी तिथे ठेवली नाही. त्यांच्यापाशी ताडायला प्रती होत्या. माझ्यापाशी एकच, तीही फुटलेली. मग मी कशाच्या आधारावर भरणार? कळणारसुद्धा नाही, याचीच मला भीती वाटली.

मग ही मूर्ती खंडितच राहिली, तर तिचं करायचं काय? विसर्जन?

भाच्याला घेऊन भेडाघाटला गेलो. पायऱ्या चढून चौसष्ट योगिनींच्या देवळात गेलं की कलचुरींच्या काळातल्या, दहाव्या शतकातल्या योगिनी गोलाकार ओवऱ्यांत बसलेल्या दिसतात. कुणाचे हात नाहीत, कुणाचा चेहरा गेलेला. पण पीठावर नाव कोरलेलं आहे. कुणी त्यांना नवे चेहरे बसवले नाहीत, आणि खाली वाहणाऱ्या नर्मदेत सोडलंही नाही. मधल्या गौरीशंकराची पूजा चालू आहे. येणारी माणसं त्याला हात जोडून झाल्यावर ओवऱ्यांतून फिरताना या भंगलेल्या योगिनींपुढेही नकळत वाकतात. मला वाटतं, मोडलेपण लपवलेलं नसलं की वाकायला अडचण येत नाही. आईचा नियम चूक होता असं मी म्हणणार नाही. दुसरी लक्ष्मी आणता येत होती, म्हणून तिने पहिलीला निरोप दिला. अण्णांचा आवाज दुसरा आणता येत नाही.

आता गुरुवारी आम्ही ती रेकॉर्डिंग लावतो. नकला तीन आहेत, एक पुण्याला. तेरावा अध्याय आला की मी पोथी मांडीवर घेऊन बसतो. आवाज थांबला की तिथून पुढच्या ओव्या मी वाचतो. पोथी अखंड आहे, तेवढं मला करता येतं. त्या चार मिनिटांतला अण्णांनी सांगितलेला अर्थ गेला, तो मी सांगत नाही. ते परत बोलू लागतात तेव्हा मी बहुतेक एखादी ओवी मागे असतो. मग मी थांबतो आणि त्यांना पुढे जाऊ देतो.