गाडीतला हरिपाठ



एक प्रश्न गेली काही वर्षे माझ्या मनात घर करून आहे. तो तुमच्यापुढे ठेवतो, कारण तुमच्यापैकी पुष्कळांच्या गाडीत संच असतो आणि किल्ली फिरवली की त्यातून हरिपाठ सुरू होतो. गाडी धावते, हरिपाठ चालतो, गाव आले की दोन्ही थांबतात. मग त्या दिवशीचा आपला हरिपाठ झाला, असे म्हणावे का? आणि झाला असेल, तर तो नेमका कोणाचा झाला?

हा प्रश्न मला ग्रंथातून नाही, तारांच्या गुंत्यातून सुचला. गुडघ्यांनी माझी पायी वारी बंद केली, तेव्हा आम्ही एक जुनी गाडी घेतली. आईला महिन्याच्या वारीला पंढरपूरला नेता यावे, एवढाच हेतू. गाडीत संच नव्हता, त्याच्या जागी नुसता रिकामा चौकोन होता. सुमारे १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच. तेव्हा पुष्कळ गाड्यांत हेच माप असे, म्हणून बाजारातला साधा संच तिथे सहज बसे. मी तो आणला आणि गावातल्या एका वायरिंगवाल्याकडून बसवून घेतला.

संचाच्या पाठीमागे रंगीत तारांची जुडी असते. काळी तार गाडीच्या पत्र्याला, म्हणजे अर्थिंगला जाते. लाल तारेत किल्ली फिरवल्यावरच वीज येते. पिवळी मात्र फ्यूजमधून थेट बॅटरीला जोडायची असते. किल्ली खिशात असो, गाडी अंगणात झाकून ठेवलेली असो, पिवळीत वीज असतेच. उरलेल्या जोड्या स्पीकरच्या. आमच्या कारागिराने घाईत लाल आणि पिवळी एकत्र पिळल्या आणि दोन्ही किल्लीच्या तारेला जोडून दिल्या.

संच वाजला उत्तम. पण रोज सकाळी पाहावे तर घड्याळ चुकलेले आणि लावून ठेवलेले आकाशवाणीचे केंद्र पुसलेले. आठ दिवस मी रोज नव्याने केंद्र शोधत होतो. शेवटी त्याच्याकडे गेलो. त्याने संच बाहेर ओढला, तारा पाहिल्या आणि कपाळावर हात मारला. म्हणाला, "काका, माझीच चूक. पिवळीला कायम थोडा करंट लागतो. तो तुटला की याला काही आठवत नाही." दहा मिनिटांत काम झाले. त्याचे ते वाक्य तेव्हा मी नुसते ऐकले. कळले पुढे.

पुढची एकादशी आली. पहाटे फलटणच्या बाजूने निघालो. आई मागच्या सीटवर, मांडीवर पिशवी घेऊन. मी सीडी आत सरकवली. ती १२ सेंटीमीटरची तबकडी, तिच्यावर तासाभराहून जास्त गायन मावते. गळा गोड, टाळ-पखवाज चोख. आईने सवयीने बरोबर म्हणायला सुरुवात केली. नातेपुते मागे पडले आणि माझ्या लक्षात आले, की मागून आवाज येत नाही. वाटले, डोळा लागला असेल. आरशात पाहिले, तर ती जागी होती. खिडकीबाहेर पाहत होती.

विचारले, "आई, म्हणत होतीस ना? थांबलीस का?"

ती म्हणाली, "अरे, ते पुढं पळतंय. माझा एक चरण होईस्तोवर त्याचे दोन होतात. आणि इतकं गोड म्हणतंय, तर मी मधे कशाला?"

माउली, मला त्या क्षणी लाज वाटली. साठ वर्षे ज्या तोंडाने हरिपाठ सोडला नव्हता, ते तोंड मी हौसेने आणलेल्या पेटीने बंद केले होते. मग घरचेही आठवले. सीडी आणल्यापासून घरातही संध्याकाळी तीच लागत होती. आईचे टाळ खुंटीवर होते. नातवंडे हरिपाठ ऐकत मोठी होत होती, पण त्यांतल्या एकालाही तो पाठ नव्हता. हरिपाठ रोज होत होता आणि घरात कोणीच म्हणत नव्हते.

तुम्ही म्हणाल, नवविधा भक्तीत पहिले स्थान श्रवणालाच आहे, मग ऐकण्यात उणे काय? काही उणे नाही. माझे एक चुलते अखेरची दोन वर्षे अंथरुणाला खिळून होते. पहाटे आकाशवाणीवर भक्तिसंगीत लागले, की त्यांच्या उजव्या हाताची बोटे चादरीवर ठेका धरीत. वाचा गेली होती, पण बोटे दिंडीत चालत होती. रात्रभर ट्रक हाकणाऱ्या एखाद्याला घाटातल्या अंधारात एका अभंगाने सोबत केली असेल. यंत्राला नावे ठेवणारा मी कोण?

पण चुलत्यांचे ते बोट विसरू नका. श्रवणाची खूण तिथे आहे. कीर्तनात उभा असलेला श्रोता रिकामा नसतो. तो टाळ धरतो, ध्रुपद उचलतो, बुवा थांबले तर तो पुढचे सांभाळतो. ऐकून ज्याच्या आत काही हलते, त्याचे श्रवण. ऐकून जो निश्चिंत होतो, की झाले, कोणीतरी म्हणते आहे, त्याने आपले काम दुसऱ्यावर सोपवले. आवाज तोच, संच तोच. एकाचे श्रवण होते आणि दुसऱ्याची सुटका होते.

आणखी एक फरक आहे. माणूस थांबतो, तबकडी थांबत नाही. दिंडीत म्हाताऱ्याला धाप लागली, तर विणेकरी पाऊल आवरतो. माउलींच्या पालखीतली समाजआरती तुम्ही पाहिली असेल. चोपदाराने दंड उंचावला, की सारे टाळ-मृदंग एकदम शांत होतात. ज्या दिंडीचे काही गाऱ्हाणे असेल, तिचे टाळ तेवढे वाजत राहतात, आणि ते ऐकून तिच्याकडे जाऊन विचारपूस होते. लाखोंच्या भजनालाही एका दिंडीसाठी गप्प होता येते! दुसऱ्याचे ऐकू यावे म्हणून आपला टाळ थांबवणे, हेही वारीच शिकवते. म्हणून पालखीमार्गावर गाडीचा संच मोठ्याने लावून दिंडीच्या भजनावर दुसरे भजन लोटणे मला पटत नाही. त्यातले शब्द संतांचे असले, तरी रीत संतांची नाही.

आणि चालकाचे काय? त्याचे मन अभंगात पुरते बुडाले, तर रस्ता सुटतो. मन पुरते रस्त्यावर असेल, तर अभंग नुसता आवाज उरतो. दोन्हीत लबाडी नको. समोर शाळा सुटलेली आहे, पोरे रस्ता ओलांडत आहेत, तेव्हा संच बंद करून ब्रेकवर पाय ठेवणे हीच त्या घटकेची सेवा. त्या पोरांत विठ्ठल नसेल, तर पंढरपूरला कशाला जायचे?

त्या दिवशी मी माळशिरसच्या अलीकडे संच बंद केला. बराच वेळ नुसता इंजिनाचा आवाज होता. मग मागून आईने पहिल्यापासून सुरू केले, आपल्या चालीने, मध्ये दम घेत. मला येईल तेवढे मी मागून म्हणू लागलो. दोन ठिकाणी चुकलो, तिने सुधारले. वाखरी येईपर्यंत आमचा हरिपाठ पुरा झाला. गोड नव्हता, पण आमचा होता.

तेव्हा मला ती पिवळी तार कळली. लाल तारेवरचे स्मरण किल्लीबरोबर येते आणि किल्लीबरोबर जाते. एकादशी आली की चालू, द्वादशीला पारणे सोडले की बंद. दुसऱ्या दिवशी आपण कोऱ्या पाटीसारखे, सगळे नव्याने शोधत. पिवळी तार गाजत नाही, स्पीकर हलवत नाही. तिच्यातून जाणारी वीज इतकी थोडी असते, की उभ्या गाडीची बॅटरी तिने दिवसात उतरत नाही. पण ती अखंड असते, म्हणून संचाला आपले ठिकाण आठवते. उलट कोणी लालही बॅटरीला जोडली आणि संच रात्रभर वाजत ठेवला, तर सकाळी गाडीच सुरू होत नाही. नामाला गाजावाजा लागत नाही. खंड पडू न देणे लागते.

संच आजही आमच्या गाडीत आहे. जाताना आम्ही म्हणतो, येताना दमलो की तो म्हणतो. नातवंडांसाठी नेम केला आहे: एक अभंग ऐकायचा, मग संच बंद करून तोच आपण म्हणायचा. आईचे टाळ खुंटीवरून उतरले आहेत.

तुमच्या गाडीत तुम्ही काय करता, हे मी सांगणार नाही. एवढेच सुचवतो, की एकदा तरी वाटेत संच बंद करून पाहा. मागे कोणी म्हणत होते आणि थांबले आहे का, ते ऐका. आणि मागे कोणीच नसेल, तर आपल्या आत काही चालू राहते का, तेही ऐका.

राम कृष्ण हरि!