हक्काच्या बाकावर सेवा कशी करावी?

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥



भाद्रपद सरत आला की आपल्या ग्रुपवर निरोप सुरू होतात. नवरात्रात कुठल्या शाळेत जायचं, मुलं किती, लाडू किती लागतील, गाडी कुणाची. २ ऑक्टोबरला आवारसफाई. कोजागरीला दूध-पौंवा. दिवाळीच्या सुट्टीआधी पणत्या रंगवून घेणं, फराळाची पाकिटं. शरद ऋतू आपल्या वडोदऱ्यात तसाही उत्सवाचाच. प्राथमिक शाळांच्या दारात सगळ्यात जास्त पाहुणे येतात ते याच दिवसांत, आणि त्यात आपलीही मंडळी असतात. चांगलंच आहे हे. कामातून वेळ काढून, खिशातले चार पैसे घालून माणसं जातात.

पण निघण्याआधी एक प्रश्न आपण स्वतःला विचारून घ्यावा असं वाटतं. देवळातली सेवा आणि शाळेतली सेवा एकच का? देवळात आपण लहान असतो. देवापुढे वाकतो, झाडू मारतो, चपला सांभाळतो, आणि त्यात आपला अहंकार थोडा झिजतो. शाळेत मात्र आपण मोठे असतो. वयाने मोठे, पैशाने बहुधा मोठे, आणि समोर रांगेत उभी असलेली मुलं लहान. तिथे तीच सेवा आपला अहंकार झिजवते की वाढवते?

बापजींनी आपल्याला एक शब्द दिला, ‘परस्पर देवो भव’. तो कुठून वाढला ते आठवावं. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत गुरू शिष्याला अध्ययन संपल्यावर निरोपाचा उपदेश करतो. आई, वडील, आचार्य आणि अतिथी यांना देव मान, असं सांगतो. बापजींनी त्याला ‘परस्पर’ जोडलं, आणि मग त्यातून कुणीच बाहेर राहिलं नाही. गंमत अशी की उपनिषदात त्याच उपदेशात पुढे दान कसं करावं तेही सांगितलं आहे. श्रद्धेने द्यावं, हे आपल्याला पटकन पटतं. पण तिथे असंही आहे की देताना लाज असावी, आणि भीतीही असावी. देणाऱ्याला भीती कसली? आम्हाला वाटतं, समोरचा आपल्या देण्याने दुखावला तर, ही ती भीती. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार केले आहेत, त्यात मान न ठेवता दिलेलं दान सगळ्यात खालच्या पायरीवर ठेवलं आहे. वस्तू तीच, लाडू तोच. देण्याच्या रीतीने त्याची जात बदलते.

आता शाळेतल्या मुलाचा विचार करा. मोठा माणूस नको म्हणू शकतो. पाहुणा ‘पोट भरलं’ म्हणून हात आडवा धरू शकतो. रस्त्यावरचा भिकारीसुद्धा वाटलं तर पुढे निघून जातो. शाळेतलं मूल यातलं काहीच करू शकत नाही. बाईंनी रांग लावली म्हणजे रांगेत उभं राहायचं, हात पुढे करायचा, फोटोला हसायचं, आणि सगळ्यांनी मिळून ‘थँक यू’ म्हणायचं. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याला देताना आपली जबाबदारी दुप्पट होते.

कुणी म्हणेल, अहो, मुलाला लाडू मिळाला, दोन मिनिटं हसलं, फोटो निघाला तर बिघडलं काय? आणि भुकेल्याला देणाऱ्याच्या मनातल्या हेतूशी काय करायचंय? हा मुद्दा खोटा नाही. मिरवत दिलेला घास न दिलेल्या घासापेक्षा बरा, हे कोणीही उपाशी माणूस सांगेल. म्हणून फोटोच्या भीतीने घरी बसा, असं आमचं म्हणणं मुळीच नाही. पण शाळेत आणखी एक गोष्ट आहे, आणि ती समजायला आपल्याच शहराचा इतिहास पाहावा लागतो.

महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला. तो जमतोय असं दिसल्यावर १९०६ मध्ये कायदा करून सगळ्या बडोदा संस्थानात तो लागू केला. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड होता. हिंदुस्थानात असं तेव्हा कुठेच नव्हतं. यातली खरी गोष्ट काय ती पाहा. राजाने मनात आणलं असतं तर दानधर्म म्हणून शाळा काढल्या असत्या, लोकांनी जयजयकार केला असता. त्यांनी कायदा केला. म्हणजे गरिबाचं मूल शाळेत येतं ते राजाच्या कृपेने नाही, ते यायलाच पाहिजे म्हणून येतं. पुढे शंभर वर्षांनी देशभर तेच झालं. शिक्षणाच्या हक्काचा कायदा २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. दुपारच्या जेवणाचंही तसंच. गुजरातेत ते १९८४ मध्ये सुरू झालं, आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना सांगितलं की सरकारी शाळेतल्या मुलांना शिजवलेलं जेवण द्यावंच लागेल.

तेव्हा त्या बाकावर बसलेलं मूल कुणाचं मिंधं नाही. बाक त्याच्या हक्काचा, पुस्तक हक्काचं, ताटातला भातही हक्काचा. मग आपण तिथे जाऊन करायचं काय? सगळं हक्काचंच असेल तर सेवेला जागा कुठे उरते?

याचं उत्तरही याच शहरात सापडतं, आणि ते थोडं कडू आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बडोदा सरकारच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकायला गेले. १९१७ मध्ये, शरदाच्या तोंडावर, नोकरीसाठी वडोदऱ्यात आले. शिष्यवृत्ती मिळाली होती, हुद्दा मिळाला होता. राहायला खोली मिळाली नाही. एका पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले, तिथूनही लोकांनी काठ्या घेऊन बाहेर काढलं. दोन मित्रांना विचारून पाहिलं. दोघेही शिकलेले. एकाला घरच्या नोकरांची अडचण, दुसऱ्याला बायकोला विचारायचं होतं. हे बाबासाहेबांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. शेवटी कामाठीबागेत, म्हणजे आजच्या सयाजीबागेत, ते गाडीच्या वेळेपर्यंत बसून राहिले. त्या जागेला आज संकल्पभूमी म्हणतात आणि दर वर्षी २३ सप्टेंबरला तिथे माणसं जमतात.

राजाने जे देता येतं ते सगळं दिलं होतं. राजाला जे देता येत नाही ते शहराने दिलं नाही. ते म्हणजे शेजार. ‘या, बसा’ म्हणणं. आपल्या ओळीत जागा करून देणं. हे कुठल्या कायद्याने होत नाही, कुठल्या खात्याच्या परिपत्रकाने होत नाही. हक्क सरकारने द्यायचा, शेजार मात्र आपणच द्यायचा असतो. शाळेतल्या सेवेची जागा आम्हाला तरी इथेच दिसते. वस्तू ही त्या शेजाराची खूण म्हणून न्यावी. वस्तू नेली आणि शेजार घरीच राहिला, तर आपण मुलाच्या हक्कावर थोडी कृपा शिंपडून परत आलो, एवढंच होईल.

हा शेजार कसा करायचा हे शिकायला लांब जायला नको. आपले शरदातले सणच ते शिकवतात.

भोंडला आठवा. पाटावर हत्ती काढायचा, फेर धरायचा, गाणी म्हणायची, आणि मग खिरापत. जिच्या घरी भोंडला तिची खिरापत, पण ती ओळखल्याशिवाय मिळत नाही. गोड की तिखट, वाटीतली की हातावरची, मुली तर्क लढवतात, देणारी डबा घट्ट धरून हसत बसते. घेणारीला तिथे लाज वाटत नाही, कारण तिने ओळखून मिळवलेलं असतं. शिवाय आज हिची खिरापत तर उद्या तिची. खिरापतीत चुरमुरे असोत की काजू, फेर तोच. देण्यातला उंच-सखलपणा खेळात कसा विरघळतो ते आपल्या आज्यांना कळत होतं.

दसऱ्याचं आपट्याचं पानही तसंच. मी तुम्हाला देतो, तुम्ही मला देता, पान दोघांचं सारखंच. देणारा कोण आणि घेणारा कोण हे ठरवताच येत नाही. ‘परस्पर’ या शब्दाचा अर्थ एखाद्या चिमुरड्याला सांगायचा तर आपट्याच्या पानाइतका सोपा दाखला नाही. शाळेत दसऱ्याला गेलो तर मुलांना सोनं द्यावंच, पण त्यांच्याकडून वाकून घ्यावंही.

गुजरातेत तिथिभोजनाची चांगली रीत आहे. वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, कुणाची पुण्यतिथी, अशा दिवशी एखादं कुटुंब शाळेतल्या मुलांना जेवण देतं. ही रीत पुढे केंद्राच्या योजनेतही घेतली गेली. आपल्यातले बरेच जण ते करतात. त्यात एकच भर सुचवावीशी वाटते. वाढून झालं की भिंतीला टेकून उभं राहू नये. ताट घ्यावं आणि मुलांच्या पंगतीत खाली बसून तेच जेवावं. गुडघे दुखत असतील तर बाकावर बसावं, पण जेवावं तिथेच. आपण त्यांच्या हातचं पाणी मागून घ्यावं. ज्या शहराने एका माणसाला खोली दिली नाही, त्या शहरात कोण कुणाशेजारी बसून जेवलं ही छोटी गोष्ट नाही. मुलं हे सगळं बघत असतात. कोणते काका कुणाच्या शेजारी बसले आणि कोणते नाही, हे त्यांना लाडवाच्या चवीपेक्षा जास्त दिवस लक्षात राहतं.

आणि फोटो. हे पत्रकही आपण फोनवरच वाचतो, म्हणून स्पष्ट बोललेलं बरं. पाकीट हातात घेतलेल्या मुलाचा चेहरा आपल्या एका बोटाने पन्नास ठिकाणी पोचतो. ते मूल उद्या मोठं होईल, कुठे नोकरीला लागेल, त्याच्या पोरांचा बाप होईल. घेणारा हात म्हणून आपला फोटो फिरलेला त्याला चालला असता का, हे आज त्याला विचारता येत नाही. विचारता येत नाही म्हणून काढू नये. रंगवलेल्या पणत्यांचा काढावा, स्वच्छ झालेल्या आवाराचा काढावा. हिशेबासाठी पावती पुरते.

आता शेवटची आणि सगळ्यात अवघड गोष्ट. दिवाळीची एकवीस दिवसांची सुट्टी लागते. आपली सेवाही तिथेच थांबते. कार्तिक शुद्ध नवमीला रंगजयंती होते, आपण नारेश्वरला जाऊन येतो, आणि वर्षाचं पुण्य बांधून झालं असं वाटतं. इकडे शाळा उघडते तेव्हा काही बाक रिकामे असतात. दाहोद, पंचमहालकडून बांधकामावर आलेली कुटुंबं सणाला गावी जातात. कुणी उशिरा परततात, कुणाचं काम दुसऱ्या साइटवर लागतं, कुणाचं मूल धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी राहतं. सणाच्या दिवशी वीस सेवेकरी असतात, आणि त्या रिकाम्या बाकाची चौकशी करायला बाई एकट्या असतात. त्यांना चाळीस मुलांचा वर्ग सोडून वस्तीवर जाता येत नाही. आपल्यातल्या निवृत्त मंडळींना येतं. बाईंना विचारून, त्यांच्या सांगण्याने, एका घरी जाऊन ‘अजून आला नाही का? वर्गात वाट बघतायत’ एवढं सांगून येणं, याला पैसे लागत नाहीत. फोटोही निघत नाही. आठवड्यातून एक तास बसून एकाच मुलाला वाचून दाखवणं आणि त्याचं वाचन ऐकणं, हेही तसंच. सयाजीरावांच्या राज्यात पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरायच्या. आपल्या कपाटातली चार पुस्तकं तरी एका वर्गापर्यंत फिरायला हरकत नाही.

कोजागरीच्या रात्री लक्ष्मी ‘कोण जागं आहे?’ असं विचारत फिरते, अशी समजूत आहे. आपण गच्चीवर दूध पीत जागतो, छान वाटतं. शाळेची कोजागरी मात्र दिवाळीनंतर येते, भर दुपारी, हजेरीच्या वेळी. बाई नाव घेतात आणि ‘हजर’ येत नाही.

तेव्हा या वर्षी शाळा ठरवणाऱ्या मंडळींना एवढीच विनंती. लाडू किती, हे विचाराच. त्याबरोबर मुख्याध्यापकांना हेही विचारा की सुट्टीनंतर कुठल्या वारी, किती वाजता आणि कोणत्या वर्गाला माणूस हवा आहे. नावं द्यायची असतील त्यांनी आपापल्या विभागाच्या ताई-दादांकडे द्यावीत. एका माणसाने एक वर्ग धरला आणि मार्चपर्यंत सोडला नाही, तरी पुष्कळ झालं.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥ 🙏