एका गुणाची हार आणि चाहत्याचे कर्तव्य

महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये एका गुणाने झालेली हार चाहत्याच्या अधिक जिव्हारी लागते. वीस गुणांनी पराभव झाला की प्रतिस्पर्ध्याचे श्रेष्ठत्व मान्य करण्यावाचून गत्यंतर उरत नाही. एका गुणाने झाला की ‘जर-तर’ला मोकळे रान मिळते आणि मन निकालाशी न भांडता एखाद्या माणसाशी भांडू लागते. या भांडणाचा चाहत्याला अधिकार आहे काय, हा प्रश्न वरवर क्रीडेचा वाटला तरी मुळात तो न्यायाचा आणि प्रेमाचा आहे.

२९ मार्च १९८२ रोजी न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये ६१ हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर अमेरिकेच्या महाविद्यालयीन अजिंक्यपदाचा अंतिम सामना झाला, आणि त्यात वॉशिंग्टनचे जॉर्जटाउन विद्यापीठ नॉर्थ कॅरोलायनाकडून ६३-६२ असे हरले. पहिल्या वर्षात शिकणाऱ्या मायकेल जॉर्डनने अखेरच्या काही सेकंदांत कॅरोलायनाला आघाडी मिळवून दिली. त्यानंतर जॉर्जटाउनच्या फ्रेड ब्राउनने, समोर आपलाच सहकारी आहे अशा समजुतीने, चेंडू थेट प्रतिस्पर्धी जेम्स वर्दीच्या हाती सोपवला. हातातोंडाशी आलेला घास गेला आणि खापर फोडायला एक डोके आयते मिळाले.

तथापि त्याच सामन्याच्या पूर्वार्धात जॉर्जटाउनच्या पॅट्रिक युइंगला पंचांनी पाच वेळा ‘गोलटेंडिंग’बद्दल, म्हणजे बास्केटकडे खाली उतरू लागलेला चेंडू नियमबाह्य रीतीने अडवल्याबद्दल, दोषी ठरवले होते. असा चेंडू एरवी नक्की आत गेलाच असता की नाही याचा विचार न करता नियमाने गुण बहाल होतात, आणि कॅरोलायनाचे पहिले आठही गुण याच मार्गाने आले. त्यांपैकी एकच चेंडू न अडवता बाहेर पडला असता तर एका गुणाचा हिशेब उलटला असता. परंतु त्याच युइंगने २३ गुण मिळवले नसते तर सामना अखेरच्या क्षणापर्यंत टिकलाच नसता. शेवटची चूक डोळ्यांसमोर राहते, म्हणून तिलाच एकमेव कारण मानणे हा तर्कदोष आहे, आणि ब्राउनसारख्या दुसऱ्या वर्षातल्या विद्यार्थ्याच्या वाट्याला त्यामुळे जन्मभराचा शिक्का येत असेल तर तो उघड अन्यायही आहे.

न्यायाचा प्रश्न असा सुटला तरी प्रेमाचा उरतोच, आणि त्याचे उत्तर शोधायला जॉर्जटाउनचीच परंपरा उपयोगी पडते. जॉर्जटाउन हे येशूसंघ (जेझुइट) या ख्रिस्ती धर्मसंघाचे विद्यापीठ. ‘क्रिस्तपुराण’ मराठीत रचणारे फादर थॉमस स्टीफन्स याच संघाचे. संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी आपल्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथात तटस्थतेचे तत्त्व मांडले आहे. आरोग्य की आजार, संपत्ती की दारिद्र्य, मान की अपमान, यांपैकी कशाचाही आधीच हट्ट न धरता मनुष्याने आपल्या अंतिम ध्येयाकडे नेणारे तेच निवडावे, असा त्याचा आशय आहे. ही तटस्थता म्हणजे भावनाशून्यता नव्हे. स्वतः इग्नेशियस यांच्या दैनंदिनीत प्रार्थनेतील अश्रूंचे उल्लेख वारंवार येतात. म्हणून हरलेल्या संघाच्या चाहत्याने हळहळू नये, ‘खेळच तर आहे’ असे म्हणून मोकळे व्हावे, हा उपदेश उथळ ठरतो, कारण ज्याला दुःखच होत नाही त्याचे संघावर प्रेम होते असे म्हणणे कठीण आहे. त्या तत्त्वाच्या प्रकाशात सोडायची असते ती आपल्या प्रेमाला घातलेली विजयाची अट.

१९८२चा तो सामना संपताच जॉर्जटाउनचे प्रशिक्षक जॉन थॉम्पसन यांनी ब्राउनला मिठीत घेतले. दोन वर्षांनी जॉर्जटाउनने ह्यूस्टनला ८४-७५ असे हरवून अजिंक्यपद मिळवले, तेव्हा ब्राउन त्या संघात होता, आणि त्या यशाने जुनी चूक धुऊन निघाली अशी मांडणी अनेकदा केली जाते. ही मांडणी स्वीकारण्याजोगी नाही, कारण ती क्षमेला पुढच्या विजयाचे तारण मागते. १९८२च्या त्या रात्री पुढे काय घडणार हे कोणालाच ठाऊक नव्हते, आणि जॉर्जटाउन पुन्हा कधीच जिंकले नसते, तरीही ती मिठी तितकीच योग्य ठरली असती.