दुर्बिणीची किंमत आणि खर्चाची मर्यादा

ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या एका वाचकाने विचारले आहे : स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात हरणांच्या शिकारीसाठी दुर्बीण घ्यायची आहे. ती शंभर-दोनशे पौंडांत मिळते आणि दोन हजारांहून अधिक पौंडांनाही. किती खर्च केला म्हणजे तो इस्राफ, अर्थात उधळपट्टी, ठरणार नाही?

भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणांच्या शिकारीस बंदी आहे आणि कायद्याचे पालन हे आपले कर्तव्य आहे. स्कॉटलंडची परिस्थिती वेगळी आहे. तेथून लांडगा काही शतकांपूर्वीच नाहीसा झाला. हरणांची संख्या फार वाढली की कोवळी झाडे तग धरत नाहीत. म्हणून कायद्याच्या चौकटीत हरणे मारली जातात आणि त्यांचे मांस खाल्ले जाते. केवळ मौजेखातर जीव घेणे मात्र आपल्या धर्मात निषिद्ध आहे. सजीवाला नेमबाजीचे लक्ष्य बनवण्यास प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मनाई केली आहे. बंदुकीच्या गोळीने मेलेल्या जनावराच्या मांसाविषयी फुकहांमध्ये मतभेद आहेत. त्याचा खुलासा प्रश्नकर्त्याने आपल्या विश्वासातील आलिमांकडून करून घ्यावा. येथे विचार खर्चापुरता आहे.

सूरह अल-फुरकानमध्ये (२५:६७) रहमानच्या दासांचे एक लक्षण सांगितले आहे : त्यांचा खर्च उधळेपणा आणि कंजूषपणा यांच्या मधला असतो. पण शंभर आणि दोन हजार यांची सरासरी काढून हा मध्य सापडत नाही. वस्तू कोणत्या कामासाठी हवी, यावरून तो ठरतो.

सहीह मुस्लिममधील शद्दाद बिन औस (रजि.) यांच्या हदीसचा आशय असा की, अल्लाहने प्रत्येक बाबतीत एहसान, म्हणजे उत्तम रीत, बंधनकारक केली आहे, जनावर कापतानाही सुरीला धार लावावी आणि त्याला कमीत कमी यातना होऊ द्याव्यात. हरणाच्या शिकारीत दुर्बीण ही या धारेचाच भाग आहे. मादीच्या जवळ झुडपांत पाडस दडलेले आहे का, जनावर आधीच जखमी आहे का, त्याच्या मागे माणूस तर नाही, हे गोळी सुटण्यापूर्वी कळले पाहिजे. आई मारली गेली आणि दूध पिणारे पाडस मागे राहिले, तर ते उपासमारीने मरते. अशा ठिकाणी धूसर दिसणारी दुर्बीण घेऊन पैसे वाचवणे ही काटकसर नव्हे. त्या बचतीची किंमत मुक्या जनावराला मोजावी लागते.

आता दुसरी बाजू पाहू. हरणे पहाटे आणि सायंकाळी अधिक वावरतात, म्हणून दुर्बिणीत प्रकाश महत्त्वाचा. दुर्बिणीवर ८×४२ असे लिहिलेले असते : आठपट मोठे दृश्य आणि पुढचे भिंग ४२ मिलिमीटरचे. ४२ला ८ने भागले की डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते, सुमारे सव्वापाच मिलिमीटर. ८×५६मध्ये ती सात मिलिमीटर होते. तरुणाच्या डोळ्याची बाहुली अंधारात सात मिलिमीटरपर्यंत उघडू शकते. उतारवयात ती बहुधा पाचच्या आसपास थांबते. म्हणजे वयस्क माणसाने अधिक प्रकाशासाठी मोजलेला जादा पैसा त्याच्या डोळ्यात शिरतच नाही. शिवाय स्कॉटलंडमध्ये विशेष परवान्याशिवाय सूर्यास्तानंतर एका तासापर्यंतच हरणावर गोळी झाडता येते. त्यापुढच्या काळोखासाठी खरेदी करण्याचे कारणच उरत नाही.

आलिमांनी गरजांचे तीन स्तर सांगितले आहेत : जरूरियात, हाजियात आणि तहसीनियात. स्पष्ट दिसणे ही येथे हाजत आहे. पावसात भिंगांवर आतून धुके न धरणे हीदेखील. त्यापुढची थोडी सुबकता ऐपत असेल तर मुबाह आहे. मात्र त्यासाठी कर्ज काढू नये, घरच्यांचा हक्क मारू नये, जकात थकवू नये. सोबत्यांनी गळ्यातील नाममुद्रा पाहावी एवढ्यासाठी दिलेला पौंड मात्र इस्राफच. मग तो एकच का असेना.

म्हणून खरेदीपूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारावा : या वाढीव रकमेने त्या हरणाच्या यातना कमी होणार आहेत, की केवळ माझा मान वाढणार आहे? पहिले उत्तर येईल तोवर हात आखडू नये. दुसरे आले की थांबावे. सूरह अत-तकासुरच्या अखेरीस प्रत्येक नेमतीविषयी जाब विचारला जाण्याचा इशारा आहे. पैसा ही नेमत आहे, दृष्टीही आहे.

अल्लाह आपल्या सर्वांना खर्चात समतोल आणि मुक्या जिवांविषयी दया देवो. आमीन.