फीमाफी आणि ऋषिऋण

माधवनगरच्या शेजारी, बुधगावात, वसंतदादा पाटलांच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. 1983 साली दादा मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि सांगली-साताऱ्याच्या अधिक मुलांना घराजवळ इंजिनिअर होता येऊ लागले. त्याचबरोबर पुढे लाखांत गेलेली फीही घराघरांत येऊन बसली. उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, डोमिसाईल जमवून राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज भरणाऱ्या कुटुंबाला मिळते ती फीमाफीची मदत उपकार की हक्काचे देणे, हा मला धर्माचा प्रश्न वाटतो. माझ्या मते ते देणे आहे, आणि जुने आहे.

तैत्तिरीय संहितेत माणूस जन्मतः तीन ऋणे घेऊन येतो असे म्हटले आहे. त्यांतले ऋषिऋण ब्रह्मचर्याने, म्हणजे विद्यार्थीदशेतल्या अध्ययनाने, फिटते. तिथे ते ब्राह्मणापुरते सांगितले आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. पण त्यामागचा विचार जातीपाशी थांबत नाही. वर्गात शिकवले जाणारे गणित त्या संस्थेने निर्माण केलेले नसते. पूर्ण फी भरणारा इमारतीचे आणि पगाराचे पैसे देतो. न्यूटनचे किंवा भास्कराचार्यांचे देणे त्याच्याकडूनही फिटत नाही. शिवाय धर्मादाय न्यास म्हणून संस्थेला करसवलत मिळते, म्हणजे दाराबाहेरच्या माणसाचाही त्यात वाटा आलाच. मग एका बाकावरचा दाता आणि शेजारचा याचक, हा भेद उरतोच कुठे? या भागात रुजलेल्या जैन परंपरेने शास्त्रदानाला आहारदान, औषधदान आणि अभयदान यांच्या पंगतीला बसवले, तेही ज्ञान अडवून धरणे अधर्म मानल्यामुळेच.

यावर हमखास आक्षेप येतो: फुकट मिळालेल्याची किंमत राहत नाही, आणि साक्षीला भाऊराव पाटलांना उभे केले जाते. भाऊरावांनी 1919 साली काल्याला रयत शिक्षण संस्था काढली, 1924 पासून साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंक्तीला जेवली आणि श्रम करून शिकली. पण तिथली चूल केवळ मुलांच्या श्रमावर पेटत नव्हती. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रासकट दागिने विकले. श्रमाने मुलाची मान ताठ राहिली, उरलेला भार इतरांनी उचलला. आज ग्रंथालयात रोज दोन तास काम करून लाखाची फी निघत नाही. तेव्हा भाऊरावांचे ‘कमवा आणि शिका’ हे फीमाफी नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मदत गुणवंतालाच द्यावी. सर्वोच्च न्यायालयाच्या 1993 च्या उन्नीकृष्णन निकालाने हेच केले. गुणांवर निम्म्या जागा ‘मोफत’, म्हणजे सरकारी महाविद्यालयाइतक्या फीत, बाकीच्यांनी जादा फी भरायची. 2002 साली टी. एम. ए. पै खटल्यात अकरा न्यायाधीशांच्या पीठाने नोंदवले की प्रत्यक्षात खेड्यातला किंवा गरीब विद्यार्थी शहरातल्या सधन विद्यार्थ्याचा भार वाहत होता. गुणांत क्लासची फीही मिसळलेली असते. म्हणून प्रवेशाला गुण पाहावेत, फीमाफीला गरज. कर्ज हा पर्याय आहे, आणि पीएम-विद्यालक्ष्मी या केंद्राच्या योजनेत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या पात्र विद्यार्थ्यांना व्याजात तीन टक्के सवलतही आहे. पण कर्ज सगळे ऋण एकट्या मुलाच्या माथी मारते आणि पगार पाहूनच काम निवडायला लावते. ज्याला गावच्या शाळेत शिकवून ऋषिऋण फेडायचे आहे, त्याची वाट तिथेच बंद होते.

2024 पासून आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरांतल्या, ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींना राज्याने व्यावसायिक शिक्षणात पूर्ण शिक्षणशुल्क माफ केले, पण खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे त्यातून वगळली. सरकारी पैशाने त्यांची फी भरायची नाही, हे मला पटते. मात्र तिथे शिकू इच्छिणाऱ्या मुलीला द्यायचे देणे त्यामुळे संपत नाही, ते त्या विद्यापीठावर येते. फी आधी वाढवून मग त्यातली थोडी ‘शिष्यवृत्ती’ म्हणून सोडली, तर ते फिटत नाही. चार वर्षांत एकूण किती भरावे लागेल आणि किती माफ होईल, हे प्रवेशाआधी लेखी सांगावे, आणि पुढच्या वर्षी गुण थोडे घसरले म्हणून ती माफी काढून घेऊ नये.