सापडले नाही

माणसाच्या सत्यनिष्ठेची कसोटी नेमकी केव्हा लागते? न्यायासनासमोर शपथ घेताना, की मोठ्या मोहाच्या क्षणी? सेमिनरीत नीतिशास्त्राचे धडे घेताना माझी समजूत अशीच काहीशी होती. परंतु काही वर्षांपूर्वी एका साध्या खेळाने आणि एका बारा वर्षांच्या मुलाने मला या प्रश्नाकडे निराळ्या दृष्टीने पाहावयास लावले.

२०२३ च्या जानेवारीत मी कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात, वसईहून तेथे जाऊन स्थायिक झालेल्या एका कुटुंबाकडे पाहुणा होतो. एका शनिवारी ते पती-पत्नी, त्यांचा मुलगा आणि शेजारचे एक निवृत्त गृहस्थ मला रानवाटेने घेऊन गेले. नायगारा कड्याच्या धारेवरून जाणारी ही ब्रूस ट्रेल सुमारे ९०० किलोमीटर लांबीची असून १९६७ साली ती खुली झाली. मुख्य वाट झाडांवर रंगविलेल्या पांढऱ्या पट्ट्यांनी ओळखावयाची, उपवाटा निळ्या पट्ट्यांनी. मेपलची झाडे निष्पर्ण झाली होती. हेमलॉक तेवढा हिरवा होता. घोट्यापर्यंत बर्फ होते आणि आमच्या बुटांच्या करकरीखेरीज सर्वत्र निःशब्दता होती.

आम्ही निघालो होतो दडविलेल्या डब्या शोधावयास. या खेळाला जिओकॅशिंग म्हणतात. उपग्रहांच्या साहाय्याने स्थाननिश्चिती करणारी जीपीएस यंत्रणा अमेरिकन सरकारची. सामान्य नागरिकांना मिळणाऱ्या तिच्या संकेतांत पूर्वी हेतुपुरस्सर चूक मिसळली जाई. मे २००० च्या आरंभी ती काढून टाकण्यात आली. त्यानंतर लगेचच, ३ मे रोजी, ऑरेगन राज्यात डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थाने रानात एक बादली अर्धवट पुरून ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. आज जगभर अशा तीस लाखांहून अधिक डब्या दडविलेल्या आहेत. नियम सोपे आहेत. डबी शोधावी, आतील कागदावर आपले नाव लिहावे, एखादी वस्तू घेतल्यास तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवावी, आणि डबी होती तशी पुन्हा दडवावी. मग घरी येऊन संगणकावर नोंद करावी : ‘सापडली’ किंवा ‘सापडली नाही’. बक्षीस नाही, पंच नाही, पारितोषिक समारंभ नाही.

पहिली डबी एका उन्मळून पडलेल्या खोडाखाली मिळाली. थंडीत शाई गोठते म्हणून आत पेन्सिल ठेवली होती. मुलाने हातमोजा काढून थरथरत्या बोटांनी नाव लिहिले, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहण्यासारखा होता.

दुसरी मात्र सापडेना. यंत्र आपल्याला जागेच्या जवळ नेते. दाट झाडीत तेही काही मीटरने चुकते. शेवटची दहा पावले डोळ्यांनीच शोधावी लागतात. आम्ही खडकाच्या कपारी चाचपल्या, मुळांभोवतीचे बर्फ उकरले. पाऊण तास गेला, बोटे बधिर झाली. तेव्हा मुलगा म्हणाला, “पप्पा, ‘सापडली’ असंच लिहूया ना! जागा तर हीच आहे. एवढं शोधलंसुद्धा. कोण बघायला येणार आहे?”

वडील हसून माझ्याकडे वळले. “फादर, आता तुम्हीच सांगा.”

माझ्या मनात संत थॉमस अक्वायनसचे वर्गीकरण जागे झाले. त्यांनी असत्याचे तीन प्रकार सांगितले आहेत : अपकारासाठी बोललेले, कुणाच्या उपयोगासाठी बोललेले आणि गमतीखातर बोललेले. तिन्ही दोषास्पद, परंतु शेवटची दोन सहसा लघुपापे. मुलाची सूचना मी मनोमन तिसऱ्या रकान्यात टाकली. यात कुणाचे काय नुकसान?

मी उत्तर देण्यापूर्वीच शेजारचे गृहस्थ बोलू लागले. त्यांनी स्वतः या रानात काही डब्या दडविल्या आहेत. ते म्हणाले, एकाने ‘सापडली नाही’ लिहिले तर मी थांबतो. लागोपाठ दोघा-तिघांनी लिहिले, की मी उठून पाहावयास येतो. डबी वाहून गेली असेल, कुणी उचलून नेली असेल. परंतु मध्येच एखाद्याने खोटेच ‘सापडली’ लिहिले, तर मी निश्चिंत होऊन घरी बसतो, आणि पुढे येणारे तुमच्यासारखेच बर्फात चाचपडत राहतात.

ते इतकेच बोलले. माझ्या पायांखालचे बर्फ मात्र एकाएकी अधिक थंड झाले. कारण अशी एक खोटी खूण मी स्वतः केली होती.

अनेक वर्षांपूर्वीची गोष्ट. किनाऱ्यावरील एका धर्मग्रामात मी होतो. पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना घरोघरी कम्युनियन द्यावयाचे, आणि वहीत प्रत्येक नावापुढे खूण करावयाची असा प्रघात होता. जुलैचा मुसळधार पाऊस, संध्याकाळी सभागृहाच्या बांधकामाची बैठक. वाडीच्या टोकाला राहणारी एक वृद्धा तेवढी राहिली. उद्या जाऊ, असे म्हणून मी तिच्या नावापुढेही खूण केली. दुसऱ्या दिवशी एक अंत्यविधी आला. तिसऱ्या दिवशी पहाटे ती गेली. कम्युनियनवाचून आणि अखेरच्या अभ्यंगावाचून.

मी त्याची कबुली प्रायश्चित्त संस्कारात दिली होती; परंतु कबुली दिली ती आळसाची, खुणेची नव्हे. दर शनिवारी आमच्या धर्मभगिनी ती वही चाळीत, आणि ज्या नावापुढे खूण नसेल त्या घरी स्वतः जात. त्या शनिवारीही त्यांनी वही उघडली असेल आणि समाधानाने मिटली असेल. माझे न जाणे ही माझी एकट्याची उणीव होती. ती दुसऱ्या कुणी भरून काढली असती. माझ्या खुणेने मात्र तिच्या घराकडे जाणारी दुसरी वाटही बंद केली. हे मला इतकी वर्षे उमगले नव्हते. ते उमगले परक्या देशातील रानात, एका प्लास्टिकच्या डबीच्या निमित्ताने.

असत्य म्हणजे केवळ वास्तवाशी विसंगत शब्द नव्हे. माणसे एकमेकांच्या शब्दांवर भिस्त ठेवून पाऊल टाकतात. ‘औषध दिले’, ‘तार तपासली’, ‘अभ्यास झाला’ या लहानसहान ग्वाहींवर आपले सामाईक जीवन उभे आहे. आपण केलेली खोटी खूण पाहून नेमका कोण निश्चिंत होईल, हे आपल्याला बहुधा कधीच कळत नाही. म्हणूनच ‘यात कुणाचे नुकसान नाही’ असे छातीठोकपणे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नसतो. उलट अपयशाची प्रामाणिक कबुली ही नुसती नम्रता नव्हे, ती सेवा आहे. ‘मला जमले नाही’ असे म्हणणारा माणूस दुसऱ्याच्या मदतीसाठी दार उघडे ठेवतो.

परतताना सूर्य कड्याआड गेला होता. घरी पोहोचल्यावर मुलाने थोडे कुरकुरत, पण स्वतःच्या हातांनी ‘सापडली नाही’ अशी नोंद केली.

मायदेशी आल्यावर मी एक छोटा बदल केला. पहिल्या शुक्रवारच्या वहीत, जेथे जाणे झाले नाही त्या नावापुढे मी आता जागा कोरी ठेवत नाही. स्पष्ट अक्षरांत ‘गेलो नाही’ असे लिहितो. लिहिताना अजूनही हात किंचित अडखळतो. परंतु शनिवारी सकाळी धर्मभगिनी ती वही उघडतात, ते दोन शब्द वाचतात, आणि छत्री घेऊन बाहेर पडतात.